मूत्रपिंडाचं प्रगतिपुस्तक

दोस्तांनो, दात किडला की तो रात्रभर ठणकतो. पोट बिघडलं की शाळेला दांडी. पायात साधा काटा रुतला तरी आपण अख्खं घर डोक्यावर घेतो! शरीराचा बहुतेक कारभार असाच आहे. कुठं काही बिनसलं, की लगेच बोंबाबोंब. पण आपल्या शरीरात एक जोडगोळी अशी आहे, की तिचं निम्मं काम बंद पडलं तरी ती ताकास तूर लागू देत नाही. दुखणं नाही, खुपणं नाही, ताप नाही. ओळखा पाहू कोण? आपली दोन मूत्रपिंडं, म्हणजेच किडन्या!

आता तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल, "आमच्या काकांना मुतखडा झाला होता, तेव्हा ते केवढे कळवळत होते!" अगदी खरं. पण ती कळ खड्याची. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या बारीक नळीत खडा अडकतो आणि मग भल्याभल्यांना घाम फुटतो. मूत्रपिंडाच्या आतल्या गाळण्या झिजत असतात, तेव्हा मात्र सगळं शांत असतं.

ही शांतता किती फसवी असते, त्याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम नावाचा भाग आहे. नारळ आणि काजूच्या बागांचा, हिरवागार. तिथे गेल्या काही दशकांत हजारो शेतकरी-मजुरांना मूत्रपिंडाचा आजार जडला. यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह नव्हता. नेमकं कारण काय, याचा शोध अजून चालू आहे. रोज उन्हातान्हात राबणाऱ्या तिथल्या कित्येकांना आपल्या आजाराचा पत्ता लागला, तो रक्ताच्या तपासणीतून. त्या तपासणीचं नाव क्रिएटिनिन. हा शब्द तुमच्याही घरात कधीतरी कानावर पडला असेल. आजोबांच्या रिपोर्टवर साखर, कोलेस्टेरॉल यांच्या रांगेत तो गुपचूप बसलेला असतो. चला, आज त्याची विचारपूस करू या.

काजूच्या आकाराचा कारखाना

आधी मूत्रपिंडं करतात काय, ते पाहू. कमरेच्या थोडं वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना ती असतात. आकार काजूसारखा, लांबी मोठ्या माणसात दहा-बारा सेंटिमीटर, वजन प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जागेत प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या बसवलेल्या आहेत! प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता आणि त्याला जोडलेली एक वळणावळणाची नळी.

मोठ्या माणसाचं हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं, त्यातलं जवळजवळ पाचवा ते चौथा हिस्सा रक्त या दोघांकडे येतं. त्यातून दिवसभरात गाळलं जाणारं पाणी भरतं सुमारे १८० लिटर! पिण्याच्या पाण्याचे ते वीस लिटरचे जार असतात ना, तसे नऊ जार. मग लघवी दीड-दोन लिटरच का होते? कारण गाळलेल्या पाण्यातलं जे जे कामाचं आहे, पाणी, साखर, क्षार, ते ते वळणावळणाच्या नळ्या पुन्हा रक्तात परत घेतात. आईनं निवडायला घेतलेल्या तांदळासारखंच हे, बरं का! सगळं ताटात ओतायचं आणि खडे बाजूला काढून चांगलं ते परत डब्यात भरायचं.

या गाळण्या मिनिटाला किती पाणी गाळतात, यावर मूत्रपिंडाची तब्येत ठरते. तरुण, निरोगी माणसात हा आकडा १०० ते १२० मिलिलिटरच्या घरात असतो. पण शरीरात मीटर थोडाच बसवता येतो? मग शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. गाळणी मोजता येत नाही ना, मग रक्तात कचरा किती उरलाय ते मोजा!

कबड्डीतला कचरा

हा कचरा येतो स्नायूंमधून. कबड्डीत तुम्ही चढाईला जाता. समोरच्यानं पायाला हात घातला, की तुम्ही विजेसारखी उसळी मारता. त्या पहिल्या काही सेकंदांत लागणारी शक्ती स्नायूंनी 'क्रिएटिन' नावाच्या पदार्थाच्या मदतीनं साठवून ठेवलेली असते. या क्रिएटिनमधला शेकडा दोनच्या आसपास भाग रोज आपोआप बदलतो आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. त्याचा शरीराला काही म्हणजे काही उपयोग नाही. ते रक्तात येतं, मूत्रपिंडात गाळलं जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं.

क्रिएटिन हे नाव मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. फ्रान्समधल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाला १८३२ साली ते मांसाच्या रश्शात सापडलं. (हे शेव्हरल आजोबा तब्बल १०२ वर्षं जगले!)

कचरा म्हणून क्रिएटिनिनचा एक मोठा गुण आहे. ते रोज जवळजवळ सारखंच तयार होतं. तुम्ही कबड्डी खेळा नाहीतर गोष्टीचं पुस्तक घेऊन लोळा, फरक थोडाच. येणारा कचरा ठरलेला असला, की उरलेल्या कचऱ्यावरून झाडूवाल्याचं काम ओळखता येतं. हो ना?

हे नीट कळायला एक प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकची एक रिकामी बाटली घ्या. मोठ्यांच्या मदतीनं तिच्या तळाजवळ सारखी दोन भोकं पाडा. नळाची धार अगदी बारीक सोडून बाटली तिच्याखाली धरा. (खाली बादली ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला, नाहीतर ओरडा बसेल!) बाटलीतलं पाणी थोडं चढेल आणि एका रेघेवर थांबेल. वरून येतं तेवढंच खालून जातंय. आता एका भोकावर बोट ठेवा. पाणी चढायला लागेल. पण जरा थांबा, ते पुन्हा एका नव्या, वरच्या रेघेवर स्थिर होईल! उरलेल्या एका भोकातून पाणी जास्त जोरानं जाईल आणि वरून येईल तेवढंच पुन्हा खाली पडायला लागेल.

खालच्या बादलीकडे पाहणाऱ्याला काही फरक कळला का? नाही! बादलीत पाणी पूर्वीइतकंच पडतंय. मूत्रपिंडाची लबाडी नेमकी हीच. निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी लघवी नेहमीसारखी होते, रोजचा कचराही रोज बाहेर पडतो. बदलते ती फक्त आतली रेघ, म्हणजे रक्तातल्या क्रिएटिनिनची पातळी. ती पाहायची तर रक्तच तपासावं लागतं.

आता जरा गणित

शरीरातलं गणित बाटलीपेक्षाही सोपं आहे. गाळण्याचा वेग निम्मा झाला, की रक्तातलं क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. आता वही-पेन्सिल घ्या. समजा, एका गृहस्थांचा वेग मिनिटाला १२० आहे आणि क्रिएटिनिन आहे ०.६. म्हणजे एक डेसिलिटर, अर्थात १०० मिलिलिटर रक्तजलात एक मिलिग्रॅमहूनही कमी.

वेग ६० वर आला, की क्रिएटिनिन १.२. वेग ३०, क्रिएटिनिन २.४. वेग १५, क्रिएटिनिन ४.८. प्रत्यक्ष शरीरात आकडे इतके घोटीव नसतात, पण चाल हीच. आता नीट पाहा. पहिल्या खेपेला गृहस्थांनी तब्बल ६० चं नुकसान सोसलं आणि आकडा हलला फक्त ०.६ नं. शेवटच्या खेपेला नुकसान १५ चंच, पण आकडा उडाला २.४ नं! शिवाय रिपोर्टवर पुरुषांसाठी साधारण ०.७ ते १.३ अशी मर्यादा छापलेली असते (प्रयोगशाळेनुसार थोडी इकडे-तिकडे). म्हणजे १.२ हा आकडा मर्यादेच्या आतच! त्याच्याखाली लाल रेघ नाही की पुढे फुली नाही. "सगळं नॉर्मल आहे" म्हणून रिपोर्ट कपाटात जातो, आणि तिकडे अर्धी दौलत गेलेली असते.

वर्गात शंभरपैकी पस्तीस गुण मिळाले तरी प्रगतिपुस्तकावर 'उत्तीर्ण' असंच लिहितात. तसंच हे. फक्त 'उत्तीर्ण' वाचून चालत नाही, गेल्या परीक्षेत किती होते तेही बघावं लागतं. आकडा ०.६ वरून ०.८, तिथून १.० आणि मग १.२ असा चढत असेल, तर प्रत्येक रिपोर्ट एकेकटा निर्दोष असूनही चौघं मिळून फार महत्त्वाची गोष्ट सांगत असतात.

दुसरी मेख स्नायूंची. कचरा स्नायूंतून येतो, म्हणजे ज्याचे स्नायू जास्त त्याचा कचरा जास्त. समजा, ७५ वर्षांच्या आजी आणि त्यांचा २५ वर्षांचा नातू, दोघांचंही क्रिएटिनिन १.१ आलं. दोघं सारखेच निरोगी? मुळीच नाही! वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून गाळण्याचा वेग काढायचं एक सूत्र आहे. २०२१ साली सुधारलेल्या या सूत्रात हे आकडे घातले, तर नातवाचा वेग येतो सुमारे ९५ आणि आजींचा सुमारे ५२. वयाबरोबर वेग थोडा कमी होतोच. पण तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर डॉक्टर त्याला मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणतात. आजकाल बऱ्याच रिपोर्टांवर क्रिएटिनिनच्या खाली हा वेगही छापतात. 'ईजीएफआर' अशी अक्षरं असतात. पालकांनो, मोठ्या माणसांच्या रिपोर्टवर त्या ओळीकडे आधी पाहा.

आणि तुमचं काय? मुलांसाठी वेगळंच सूत्र आहे आणि त्यात चक्क उंची लागते! जॉर्ज श्वार्ट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९७६ मध्ये ते मांडलं आणि २००९ मध्ये सुधारलं. सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. झालं! उंचीच का? तर मूल जसं उंच होतं तसे त्याचे स्नायूही वाढतात. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचं क्रिएटिनिन ०.५ असेल, तर उत्तर येतं सुमारे ११६. उत्तम! नव्वदच्या वर असलं की छान. पण तिचंच क्रिएटिनिन १.० आलं तर? उत्तर ५८. जो आकडा बाबांना शोभतो, तोच सातवीतल्या मुलीसाठी धोक्याची घंटा असतो. मुलाच्या रिपोर्टवर कधी कधी मोठ्या माणसांचीच मर्यादा छापलेली असते. म्हणून मुलांचा आकडा घरच्या घरी मर्यादेशी ताडून मोकळं होऊ नका. तो बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हे सूत्र शेवटी अंदाज देणारं आहे, हेही लक्षात असू द्या.

बॉम्बगोळ्याचं रसायन

आता ही तपासणी होते कशी ते सांगतो, कारण त्यात एक मजा आहे. दंडाला रबरी पट्टा बांधतात, कोपराच्या आतल्या बाजूची शीर फुगते, तिच्यात सुई जाते आणि चमचाभराहूनही कमी रक्त नळीत घेतात. मुंगी चावल्याएवढं दुखतं. (मुंगी लाल असते, हे कबूल करायला हवं!) नळी थोडा वेळ ठेवली की रक्त गोठतं. मग ती यंत्रात गरगर फिरवली, की वर फिकट पिवळं रक्तजल सुटं होतं. त्यातले एक-दोन थेंबही पुरतात.

या रक्तजलात पिक्रिक आम्लाचं अल्कली मिसळलेलं पिवळं द्रावण घालतात. क्रिएटिनिन असेल, तर रंग नारिंगी-लाल होऊ लागतो. जितकं क्रिएटिनिन जास्त, तितका रंग गडद. हे मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञानं १८८६ साली शोधलं. गंमत म्हणजे त्याच काळात युरोपातली सैन्यं हेच पिक्रिक आम्ल तोफगोळ्यांत भरायला लागली होती! कोरडं असताना ते भयंकर स्फोटक असतं. प्रयोगशाळेतलं द्रावण मात्र पातळ आणि गरीब. १९०४ मध्ये अमेरिकेत ओटो फोलिन यांनी या रंगावरून लघवीतलं क्रिएटिनिन मोजायची रीत बसवली. शेजारी पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण ठेवायचं आणि दोन्ही रंग जुळतात का, ते भिंगातून डोळ्यांनी पाहायचं. आता ते काम यंत्र करतं. एन्झाइम वापरायची नवी, जास्त अचूक रीतही आली आहे. पण सव्वाशेहून जास्त वर्षांची ती नारिंगी रंगाची रीत अजून कितीतरी प्रयोगशाळांत चालू आहे.

ही तपासणी थोडी फसूही शकते. आदल्या रात्री मटणावर ताव मारला, तर आकडा काही काळ वर जातो, कारण मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं थोडं क्रिएटिनिन होतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी तो चढतो. आणि दादा मंडळींनो, जिममध्ये कुणी दिलेली क्रिएटिनची पावडर घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. लपवलंत तर ते बिचारे भलत्याच आजाराच्या मागे लागतील. नुसत्या क्रिएटिनिनसाठी उपाशी राहायची मात्र गरज नसते. सकाळी उपाशीपोटी बोलावतात ते बहुधा सोबतच्या साखरेच्या तपासणीसाठी.

आईबाबांनो, हे जरा नीट वाचा

ठणठणीत मुलाची ही तपासणी उगीच दरवर्षी करायची गरज नाही. पण काही खुणा दिसल्या, तर वाट पाहू नये. घसा सुजला होता किंवा अंगावर पुळ्या, खरूज झाली होती, आणि एक ते सहा आठवड्यांनी लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घशातल्या जंतूंशी लढताना शरीराच्या हातून कधी कधी मूत्रपिंडाच्या गाळण्यांनाही मार बसतो. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, फक्त त्या दिवसांत रक्तदाब आणि क्रिएटिनिनवर डोळा ठेवावा लागतो.

चेहरा सुजलाय आणि लघवीला खूप फेस येतोय, पण क्रिएटिनिन अगदी छान, असंही होतं. अशा वेळी गाळणीची भोकं मोठी होऊन रक्तातली प्रथिनं गळत असतात. ते रक्तात नाही, लघवीत दिसतं. म्हणून डॉक्टर लघवीचीही तपासणी सांगतात. "सुई टोचलीच आहे, आता पुन्हा बाटली कशाला?" असं म्हणू नका. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या मोठ्या माणसांनी तर वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या कराव्यात. गाळण्या बिघडायला लागल्याची खबर पुष्कळदा लघवी आधी देते, रक्त नंतर.

आणखी एक गोष्ट, थोडी दुःखाची. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन मिसळलेलं होतं. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. इतक्या वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तेच विष मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात निघालं. लहान लहान मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यातली कितीतरी मुलं वाचली नाहीत. त्यानंतर सरकारी आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. मूल औषध घेतंय आणि त्याची लघवी एकाएकी कमी झाली, तर बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. तिथे तातडीनं जी तपासणी करतील, त्यात क्रिएटिनिन असणारच. मोठ्यांनीही सांधेदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन् महिने घेऊ नयेत. त्या गोळ्या मूत्रपिंडाकडे येणारं रक्त कमी करतात.

आता दोस्तांनो, तुमच्यासाठी सुट्टीतलं एक काम. आजी-आजोबांची परवानगी घेऊन त्यांच्या रिपोर्टांची पिशवी जमिनीवर ओता. तारखेप्रमाणे लावा. मग आलेखाचा कागद घ्या, आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर क्रिएटिनिन, आणि ठिपके जोडा. रेघ आडवी सरळ आहे की डोंगर चढतेय, ते एका नजरेत दिसेल. प्रत्येक ठिपक्याजवळ प्रयोगशाळेचं नाव लिहायला विसरू नका, कारण दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत थोडा फरक पडू शकतो. त्या दिवसांत जुलाब, ताप किंवा नवीन औषध चालू असेल, तर तेही बारीक अक्षरात बाजूला लिहा. आणि पुढच्या वेळी आजोबा डॉक्टरांकडे निघाले, की हा कागद त्यांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून द्या.